‘पुट अप विथ’ म्हणजे काय ओ बाई?

गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारचे तीन वाजलेले. घरोघरची जेवणं, भांडी, ओटा आवरून बायका नुकत्याच येऊन टेकत होत्या. मी फळ्यावर तारीख घालतेय तोवर पाठीमागून आवाज आला, "बाई, वाईच हे बघा की. लेकीचा मेसेज आलाय पुण्यासनं. अक्षरं सगळी लागत्यात, पण अर्थ काय लागंना झालाय."

मोबाइल माझ्या हातात आला. आतापर्यंत साधं ‘गुड मॉर्निंग’ पाठवणाऱ्या लेकीनं आईला अख्खं इंग्रजी वाक्य लिहिलं होतं. ‘आई, हाऊ डू यू पुट अप विथ ऑल धिस?’

"पुट म्हणजे ठेवणे, अप म्हणजे वर, विथ म्हणजे बरोबर, ऑल धिस म्हणजे हे सगळं," त्या बोटांवर मोजत म्हणाल्या. "म्हणजे ‘हे सगळं बरोबर घेऊन वर कसं ठेवतीस?’ माळ्यावरच्या डब्यांचं म्हणती व्हय ही?"

हॉल हसला. त्याही हसल्या. मीही हसले. पण मेसेज पुन्हा एकदा वाचला आणि माझं हसू आतल्या आत जिरलं. ती पोरगी माळ्यावरच्या डब्यांविषयी विचारत नव्हती.

मैत्रिणींनो, आधी या वर्गाविषयी थोडं सांगते. मी काही इंग्रजीची प्राध्यापिका नव्हे. बी.ए. केलं तेही मराठी घेऊन. लग्न होऊन कोल्हापुरात आले, हळूहळू बचत गटांच्या कामात पडले. बँकेचे फॉर्म भरता भरता लक्षात आलं, की आपल्या बायका हिशोबाला पक्क्या, बोलायला खमक्या, पण इंग्रजी अक्षर दिसलं की एकदम गप्प. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. त्याआधी मराठी शाळेत शिकलेल्या आमच्यासारख्यांची एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची आणि दहावीच्या पेपराबरोबर संपायची. म्हणून हा वर्ग. तालमीच्या मंडळानं त्यांचा हॉल दिलाय. सकाळ-संध्याकाळ पोरांचा, आठवड्यातून दोन दुपारी आमचा. मेस चालवणाऱ्या एक वहिनी आहेत, कांदा-लसूण मसाला करून विकणाऱ्या दोघी जावा आहेत, गडहिंग्लजहून आलेली एक नवी सून आहे, आणि शिवाजी पेठेतल्या सत्तरी ओलांडलेल्या एक आजी आहेत. २०१२ साली गौरी शिंदे यांचा ‘इंग्लिश विंग्लिश’ आला होता. त्यातली लाडू करून विकणारी, घरच्यांच्या चेष्टेनं खंतावणारी शशी गोडबोले, म्हणजे आपली श्रीदेवी, आमच्या वर्गाचं दैवतच. "आमचं बी तसंच की ओ. न्यूयॉर्क तेवढं नाही!" असं मेसवाल्या वहिनी नेहमी म्हणतात.

तर त्या दिवशी मी ठरवलेला धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘पुट अप विथ’.

"हे तीन शब्द वेगवेगळे वाचायचे नाहीत," मी म्हटलं. "तिघांचा मिळून एकच शब्द समजायचा. इंग्रजीत अशी जोडक्रियापदं हजारोंनी आहेत. त्यांचा अर्थ शब्दांची बेरीज करून निघत नाही."

"असं कसं?" गडहिंग्लजची सून म्हणाली.

"आपल्यात नाही का? ‘पोराची चूक पोटात घाल’ म्हणतो आपण. एखाद्या गोऱ्या बाईला ते शब्दाला शब्द लावून सांगितलं, तर ती म्हणेल, चूक म्हणजे खायचा पदार्थ दिसतोय!"

मग गाडी रुळावर आली. एका ‘पुट’ला वेगवेगळी शेपटं लावून आम्ही बघितलं. साडी नेसणं, चप्पल घालणं, दिवा लावणं म्हणजे ‘पुट ऑन’. आग विझवणं म्हणजे ‘पुट आउट’. भिशी पुढच्या आठवड्यावर ढकलणं म्हणजे ‘पुट ऑफ’. धुतलेली भांडी पुसून जागच्या जागी लावणं म्हणजे ‘पुट अवे’. गणपतीचा मंडप उभा करणं म्हणजे ‘पुट अप’, आणि पाहुण्याला मुक्कामाला ठेवून घेणं म्हणजेही ‘पुट अप’. आणि त्याच ‘पुट अप’ला शेवटी ‘विथ’ लागला की अर्थ होतो सोसणं. त्रास देणारी गोष्ट, त्रास देणारं माणूस, आवडत नसताना चालवून घेणं.

"तेव्हा ‘विथ’ विसरू नका," मी बजावलं. "‘आय कान्ट पुट अप माय सिस्टर-इन-लॉ’ म्हटलं तर नणंदेला ठेवून घ्यायला घरात जागा नाही. आणि ‘विथ’ घातलंत, तर नणंद सहनच होत नाही!"

यावर जो हशा उठला त्यानं तालमीचे पत्रे हलले असतील. पण मेसेज आणणाऱ्या बाई हसल्या नाहीत. त्या मोबाइलकडे बघत होत्या.

मी विचारलं, "आता याला आपल्या मराठीत काय काय शब्द आहेत सांगा." एकेक जण बोलायला लागली तसं मी लिहीत गेले. सोसून घेणं. खपवून घेणं. चालवून घेणं. ऐकून घेणं. जुळवून घेणं. सांभाळून घेणं. समजून घेणं. भागवून घेणं. फळा भरला. खडू खाली ठेवून मी मागे सरकले आणि बघते तर काय, प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘घेणं’.

इंग्रजीत जसं क्रियापदाला ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ लागतं, तसं आपल्याकडे ‘घेणं’, ‘देणं’, ‘टाकणं’, ‘बसणं’, ‘ठेवणं’ लागतं. ‘सांगून टाक’ आणि ‘सांगून बसलीस’ यात किती फरक आहे, ते आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तसं हे ‘घे’. एरवी ‘घे’ म्हणजे किती प्रेमाचा शब्द. घे, लाडू घे. घे, साडी घे. पण लग्न ठरल्यापासून आपल्याला जे जे ‘घे’ सांगितलं गेलं, ते बहुतेक फळ्यावरचंच होतं. जुळवून घे. ऐकून घे. सोसून घे.

"खरंय ग बाई," मसाल्यावाल्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या. "माझ्या आईनं एस.टी.त बसवताना तीनदा सांगितलंवतं. ‘सांभाळून घे.’ डबा घे म्हणायची ती विसरली."

तेवढ्यात आजी बोलल्या. आजी एरवी वर्गात कमी बोलतात. "माझी सासू सात वर्षं अंथरुणावर होती. तिचं सगळं मी केलं. लोक म्हणायचे, लई सोसलंस. पर मी काय तिला सोसलं नाही. मी तिला सांभाळलं. त्याला बी हेच म्हणायचं का?"

इतका नेमका प्रश्न मला सुचला नसता. "नाही आजी," मी म्हटलं, "त्याला इंग्रजीत ‘लुक आफ्टर’ म्हणतात. काळजी घेणं, सांभाळणं. कष्ट दोन्हींत असतात. पण सांभाळण्यात आपलं मन असतं. सोसण्यात मन मारलेलं असतं." आजींनी मान हलवली आणि वहीत दोन्ही शब्द आपल्या गिरगट्या अक्षरात उतरवून घेतले.

मग वापराचे नियम सांगितले, तुम्हीही ध्यानात ठेवा. एक म्हणजे, हे बोलीतलं क्रियापद आहे. अर्ज लिहिताना ‘टॉलरेट’ बरं दिसतं, बोलताना ‘पुट अप विथ’ सोपं जातं. दुसरं म्हणजे, ‘पुट ऑन द लाइट’ आणि ‘पुट द लाइट ऑन’ दोन्ही चालतं, पण ‘पुट अप विथ’ मध्ये तोडता येत नाही. जे सोसायचं ते कायम शेवटी. पुट अप विथ द नॉइज. पुट अप विथ हिम. तिसरी गोष्ट मला स्वतःलाही शिकवता शिकवताच उमगली. इंग्रजीत हे क्रियापद पुष्कळदा नकाराबरोबर येतं. आय कान्ट पुट अप विथ इट, मला हे सहन होत नाही. आय वोन्ट पुट अप विथ इट, मी हे चालवून घेणार नाही. नाहीतर प्रश्नात येतं, व्हाय डू यू पुट अप विथ इट? का सोसतेस? आपल्याकडे मात्र तेच आज्ञा म्हणून येतं. सोसून घे.

शेवटी भूतकाळ. ‘गो’चं ‘वेन्ट’ होतं, ‘इट’चं ‘एट’ होतं. पण ‘पुट’चं पुटच राहतं. पुट, पुट, पुट. ‘आय पुट अप विथ इट’ म्हणजे मी सोसते आणि ‘आय पुट अप विथ इट’ म्हणजेच मी सोसलं.

"म्हणजे काल सोसलं काय नि आज सोसतोय काय, लिहायचं एकच?" मेसेजवाल्या बाई पहिल्यांदा बोलल्या. आमच्या कोल्हापूरकडच्या बायका ‘मी येतो, मी जातो’ असं बोलतात, तशाच त्या बोलल्या. पण आवाज नेहमीचा नव्हता.

हॉल शांत झाला. मग त्यांनीच सांगितलं. फार मोठं काही नाही, असं आधी म्हणून सांगितलं. मालक हात उचलत नाहीत. दारू नाही. पगार घरात देतात. पण चारचौघांत, पाहुण्यांसमोर, भाऊबंदांसमोर ‘हिला काय कळतंय’ हे वाक्य रोजचं. चहा आणला तरी ते, मत दिलं तरी ते. लेक दिवाळीला आली होती. तिच्या मैत्रिणींच्या देखत तेच झालं. परत गेल्यावर तिनं हा मेसेज केला. "सव्वीस वर्षं झाली बाई. मला आता ऐकूच येत नाही ते. पर पोरीला ऐकू आलं."

मैत्रिणींनो, ‘ऐकू येत नाही’ हे शब्द कानावर पडले आणि मला वीस वर्षांपूर्वीची एक मुलगी आठवली. हे मी आजवर कुठं लिहिलेलं नाही. मी नुकतीच या कामात पडले होते. जवळच्याच एका गावात नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून एक मुलगी माहेरी आली होती. दोन्हीकडच्यांना समोरासमोर बसवून आम्ही समेट घडवला. मला फार अभिमान वाटला होता त्याचा. निघताना मी तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाले, "थोडं सांभाळून घे. होईल सगळं नीट." ती परत गेली. वर्षानं पुन्हा भेटली तेव्हा तिच्या डाव्या कानाला ऐकू येत नव्हतं. मी खाली मान घालून बसले. ती मला काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "तुम्ही सांगितलंत म्हणून ऐकून घेतलं."

आज ती स्वतःच्या पायावर उभी आहे, बरी आहे. पण त्या दिवसापासून ‘सांभाळून घे’ हे शब्द मी कुणालाही सल्ला म्हणून दिलेले नाहीत. आधी विचारते, काय सांभाळायचंय? माणूस, की त्याचा हात?

आणि सोसलंच पाहिजे असं म्हणणारी ही भूमी नव्हे, हेही वर्गात सांगितलं. आपल्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण १९१९ साली त्यांनी घरात स्त्रियांना क्रूरपणानं वागवण्याविरुद्ध कायदा केला, हे पुष्कळ जणींना ठाऊक नसतं. घरातली छळणूक हा घरातला मामला नाही, असं कोल्हापुरात शंभर वर्षांपूर्वी कायद्यानं सांगितलं होतं. देशात कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २००५ साली झाला आणि ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात हिंसा म्हणजे नुसती मारहाण नाही. अपमान करणं, टर उडवणं, मूल होत नाही किंवा मुलगा होत नाही म्हणून टोमणे मारणं, पैशासाठी अडवून धरणं हेही त्यात येतं. पूर्वीचं कलम ४९८-अ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालंय. महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी असतात, १८१ ही हेल्पलाइन आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला वकील मोफत मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. हे आकडे आणि नावं मी सगळ्यांना वहीत लिहायला लावली. तुम्हीही लिहून ठेवा. आपल्याला नाही लागली तरी शेजारणीला लागतील.

मसाल्यावाल्या धाकट्या जाऊबाई हळूच म्हणाल्या, "कायदा ठीक हाय बाई. पर रीत मोडायची कुणी?"

मी म्हटलं, लांब कशाला जायचं, आपल्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड बघा. नवरा गेला की कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचं, जोडवी काढायची, हे पिढ्यान्‌पिढ्या चालवून घेतलेलं. ४ मे २०२२ रोजी हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला, की आमच्या गावात ही विधवा प्रथा बंद. दोनच दिवसांनी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं पूर्ण होत होती. त्याच महिन्यात राज्य सरकारनंही परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडसारखं करायला सांगितलं. ठरावानं एका दिवसात मनं बदलतात असं नाही. पण ‘सोसून घे’ म्हणणाऱ्या गावानंच ‘आता नको’ म्हटलं. याला इंग्रजीत ‘डू अवे विथ’ म्हणतात, मोडीत काढणं. हेही तीन शब्दांचं, हेही ‘विथ’वर संपणारं. फळ्यावर मी ते ‘पुट अप विथ’च्या शेजारी लिहिलं.

मग काहीच सोसायचं नाही का? तसंही नाही. २०१९च्या महापुरात पंचगंगेचं पाणी घरात आलं, कित्येकींनी शाळांमधून, नातेवाइकांकडं दिवस काढले. वीज नाही, प्यायला पाणी नाही, तेही सोसलंच. पण त्या पाण्याला आपण सांगू शकत नव्हतो, की बाबा मागं सर. माणसाला सांगू शकतो. फरक एवढाच आहे. ज्याला सांगता येतं, त्याला आधी सांगून बघावं. न सांगता सोसलं, तर समोरच्याला ते सोसणं दिसतच नाही. त्याला वाटतं, हिला चालतंय.

आता राहिलं उत्तर. लेकीला काय लिहायचं? सगळ्यांनी मिळून डोकं लावलं. गडहिंग्लजची सून उत्साहानं म्हणाली, "लिहा काकू, आय वोन्ट पुट अप विथ इट!" बाईंनी मान हलवली. "वोन्ट म्हणजे कधीच नाही, न्हवं? एवढं मोठं नको. उद्या जमलं नाही तर लेक म्हणंल, आई खोटं बोलली." मग त्यांनी स्वतःच एकेक शब्द विचारत, स्पेलिंग विचारत लिहिलं. ‘आय डोन्ट पुट अप विथ एव्हरीथिंग नाऊ.’ आता मी सगळंच सोसत नाही. पाठवायच्या आधी तीनदा वाचलं आणि बटण दाबलं. मला वाटलं, ते वाक्य त्यांनी लेकीपेक्षा स्वतःलाच पाठवलं असावं.

पुढच्या आठवड्यात त्या आल्या त्या सांगतच आल्या. रविवारी पाहुणे होते. चहा देताना मालकांनी नेहमीचं वाक्य काढलं. यांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि साध्या मराठीत म्हणाल्या, "पाहुण्यांसमोर असं बोलू नका. मला चालत नाही."

"मग?" आम्ही सगळ्या एकदम.

"मग काय? गप बसले. पाव्हणं बी गप. रात्री जेवताना अबोला होता. सकाळी उठून चहा मागितला नेहमीसारखा."

"काही बोलले नाहीत?"

"नाही. पर ते वाक्य बी बोलले नाहीत अजून. बघू, किती दिवस टिकतंय."

मी म्हटलं, "आणि बोललेच तर?"

"तर पुन्यांदा सांगायचं," त्या म्हणाल्या आणि वही उघडून बसल्या.

मैत्रिणींनो, इंग्रजी आलं म्हणून कुणाचं आयुष्य बदलत नाही. त्यांनी नवऱ्याला सांगितलं तेही मराठीतच. पण कधी कधी परक्या भाषेतला एखादा शब्द आपल्याच घरातली गोष्ट आपल्याला दाखवून देतो. म्हणून त्या दिवशी वर्गाला दिलेला गृहपाठ आज तुम्हालाही देते. दुपारी जरा निवांत झालात, की एक कागद घ्या. मधोमध रेघ ओढा. एका बाजूला लिहा, मी काय सांभाळते. दुसऱ्या बाजूला, मी काय सोसते. खोटं लिहू नका, कुणी तपासणार नाही. दुसऱ्या बाजूच्या यादीतली सगळ्यात छोटी गोष्ट निवडा, आणि या आठवड्यात ती कुणाला तरी सांगून टाका.

आमच्या आजींनी त्यांचा कागद मला दाखवला. पहिली बाजू पानभर होती. दुसऱ्या बाजूला एकच ओळ होती, ‘थोरला मुलगा बोलत नाही.’ खाली त्यांनी लिहिलं होतं, ‘उद्या फोन करते.’